नेक्स्ट जेएस, दीड वर्षानंतर: रेंडरिंग निमूट चाललं, कॅशने घाम फोडला

आमची कॅटलॉगची साइट आधी सगळी ब्राउझरमध्येच रेंडर व्हायची, म्हणजे पान तिथेच तयार व्हायचं. पान उघडलं की आधी फिरणारं चक्र, मग मजकूर. दीड वर्षापूर्वी ती नेक्स्ट जेएस १४ वर आणली; वेबसाइट बांधायची ही रिअ‍ॅक्टवर आधारलेली चौकट. रचना तिच्या नव्या पद्धतीची, अ‍ॅप राउटरची.

सर्व्हर रेंडरिंगबद्दल (पान सर्व्हरवरच तयार करणं) सांगण्यासारखं फारसं नाही, हीच त्याची तारीफ. एचटीएमएल भरलेलं येतं, डेटाबेसची क्वेरी थेट कंपोनंटमध्ये (पानाच्या तुकड्याच्या कोडमध्ये) लिहिता येते. हायड्रेशनची, म्हणजे सर्व्हरकडून आलेलं पान ब्राउझरमध्ये जिवंत करतानाची, एरर एकदाच आली: सर्व्हरने तारीख यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) छापली, ब्राउझरने स्थानिक वेळेत.

कॅशची, म्हणजे तयार पान साठवून पुन्हा तेच देण्याची, गोष्ट वेगळी. संपादकांनी बदललेलं वर्णन साइटवर येईचना. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक, कारण डेव्ह मोडमध्ये (कोड लिहितानाच्या) पान दर वेळी नव्याने रेंडर होतं. प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोकांना दिसणाऱ्या, पानात कुकी, हेडर असं विनंतीबरोबर येणारं काहीच वाचलेलं नव्हतं, म्हणून ते बिल्डच्या (साइट बांधून तयार करण्याच्या) वेळीच गोठलं होतं. बिल्डच्या यादीत त्या पानापुढे पोकळ गोल छापलेला होता. त्याचा अर्थ 'स्टॅटिक', म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं. तो गोल मी कित्येक आठवडे बघत होतो, वाचत नव्हतो.

मग रिव्हॅलिडेट, म्हणजे साठवलेलं पान किती वेळाने नवं करायचं ती मुदत, ६० सेकंदांवर ठेवलं. पण मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या माणसाला जुनंच पान मिळतं. नवं मागे तयार होत असतं. तो पहिला माणूस बहुतेक वेळा आमचा संपादकच असायचा. रिफ्रेश करायचा, जुनं दिसायचं, मला फोन. मी उघडावं तर नवं! शेवटी संपादकाने सेव्ह केल्यावर टॅगनुसार (साठवलेल्या डेटाला लावलेल्या खुणेनुसार) कॅश उडवायला लागलो, तेव्हा फोन थांबले.

थांबले ते दुसरा इन्स्टन्स (साइटची आणखी एक चालती प्रत) चढवेपर्यंत. आपण स्वतः होस्ट करत असू तर प्रत्येक इन्स्टन्सची कॅश वेगळी असते. लोड बॅलन्सरमागे (तो विनंत्या इन्स्टन्समध्ये वाटतो) रिफ्रेश करावं तसं नवं, जुनं, पुन्हा नवं. रेडिसवर (सगळ्या इन्स्टन्सना वापरता येणारा डेटा साठा) सामाईक कॅश हँडलर, म्हणजे कॅश ठेवणारा-वाचणारा कोड, लिहिला तेव्हा सुटलो. ज्यांचा एकच सर्व्हर आहे त्यांनी हा परिच्छेद विसरून जावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती १५ ने फेचचा (बाहेरून डेटा आणण्याचा) डिफॉल्ट उलटा केला, आता सांगितल्याशिवाय फेच साठवलं जात नाही. मला हेच बरं वाटतं. मात्र डायनॅमिक (कुकीसारखं विनंतीवर अवलंबून) काही नसलेलं पान १५ मध्येही बिल्डला गोठतंच, तेव्हा तो पोकळ गोल बघाच.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. १६ मधलं 'यूज कॅश', म्हणजे काय साठवायचं ते कोडमध्ये स्वतः सांगण्याची सोय, सध्या एका कमी वर्दळीच्या विभागावर लावून ठेवलंय. संपादकाला अजून सांगितलेलं नाही.