दोनशे पानी वही आणि टांझानियातले दहा महिने

मिशनच्या इंटर्नशिपसाठी बाहेरदेशी निघालं की सामानाची यादी हातात पडते. मच्छरदाणी, टॉर्च, ओआरएस, पासपोर्टच्या झेरॉक्स. माझ्या ट्रंकेत यादीबाहेरची एकच वस्तू होती, आमच्या आठवडी बाजारातून घेतलेली दोनशे पानी लाँगबुक. तिथली स्वाहिली भाषा आपल्या अक्षरांत उतरवायला दहा महिने ती रोज वापरली. परत येऊन दोन महिने झाले, आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन पोरं आता निघायच्या तयारीत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

वहीची कल्पना आजीची. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ ते १९८३ यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. त्या काळात आजी यवतमाळात एका परदेशी मिशनरी कुटुंबाकडे स्वयंपाकाला होती. त्यांची बाई मराठी शिकायची आणि शब्द इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवायची. आजी सांगते, "तिनं 'दात' लिवलं का 'दाट', तिलेच वाचता ये नाई. तू आपल्या अक्षरात लिव, बाई." आजी चौथी शिकलेली. मला मिळालेल्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये इतक्या कामाचं दुसरं काही नव्हतं.

माझी जागा होती शिन्यांगा प्रांतात, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, मुलींच्या एका वसतिगृहात. मी कापसाच्या घरातली. तिथे उतरले आणि पायाखाली आपल्यासारखीच काळी, भेगाळलेली माती, आजूबाजूला कापसाची शेतं! कापसाला तिकडे 'पाम्बा' म्हणतात. फक्त वर्ष उलटं चालतं. आपल्याकडे नाताळात वेचणी चालू असते, तिथे नाताळच्या उपासनेला लोक पेरणीच्या चिखलाचे पाय धुऊन आले होते. त्या दिवशी मला घरची फार आठवण आली.

आता वहीकडे येते. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, पण तिचे स्वर आ, इ, उ, ए, ओ हे आपल्या घरातलेच, आणि लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे अडतं ते आपल्याला अडत नाही. बालवाडीपासून आपण ङ आणि ञ घोकतो, पण अंकलिपीत त्यांच्यासमोर चित्र नसतं, कारण त्यांच्यापासून सुरू होणारा शब्दच नाही. स्वाहिलीत आहे. गाय म्हणजे ङोम्बे. घर म्हणजे ञुम्बा, साप ञोका, टोमॅटो ञाञा. वसतिगृहाच्या मागे गोठा होता. तिथे बसून एका सात-आठ वर्षांच्या मुलीने मला 'ङोम्बे' शिकवलं. मी 'नगोम्बे' म्हणायचे, ती मान हलवायची, स्वतःच्या नाकावर बोट ठेवून पुन्हा म्हणायची. चौथ्यांदा माझ्या डोक्यात ङ पेटला. वहीत लिहिला, मोठ्याने वाचला, आणि तिने टाळ्या पिटल्या. वीस वर्षं पाठ असलेलं अक्षर त्या दिवशी मला पहिल्यांदा कामाला आलं.

शब्द सापडत गेले तसं परकेपण उतरत गेलं. दुकान ते दुका, हिशेब तो हेसाबू, औषध दावा, जग दुनिया, वेळ वाकाती. किताबू म्हणजे पुस्तक, पण अनेकवचन व्हिताबू, शब्दाचं तोंडच बदलतं. दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे दहा महिने सगळ्या पोरी मला 'दादा' म्हणत होत्या. कोणाच्या दारात गेलं की 'होडी!' अशी हाक द्यायची, आतून 'कारिबू' आलं की मगच पाऊल टाकायचं.

घड्याळाचं पान मात्र पहिल्याच दिवशी लिहा. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे एक. मला प्रार्थनेला 'सा म्बिली'ला, दोनला, बोलावलं होतं. मी दुपारी दोनला पोचले. प्रार्थना सकाळी आठला होऊन गेली होती आणि बायका माझ्यासाठी ताटात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, झाकून बसल्या होत्या. घरी फोन लावतानाही हिशेब ठेवा. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, रात्री आठला फोन केला तर इथे साडेदहा वाजलेले आणि आजी झोपलेली.

उणिवाही सांगते. व्ह आणि व वेगळे लिहायची शिस्त ठेवली नाही तर महिनाभराने स्वतःचंच लिहिलेलं चुकीचं वाचाल. 'म्तोतो', म्हणजे मूल, यातला म् एकटा उच्चारायचा असतो, आपली जीभ त्याचा 'मतोतो' करते. पापाला जो शब्द आहे तो मी 'धाम्बी' लिहिला. पण तो आपला ध नाही, जीभ दातांत धरून काढायचा आवाज आहे, त्याला आपल्याकडे अक्षरच नाही. तिथे मी नुसती खूण केली आणि कानावर भरवसा ठेवला. वहीच्या बांधणीबद्दल सांगायचं तर पिना तिसऱ्या महिन्यात सुटल्या. गोधडीच्या दोऱ्याने शिवली, मग शेवटपर्यंत टिकली. जेल पेनने लिहिलेली अकरा पानं पावसात गेली. बॉलपेनच वापरा, आणि परवडत असेल तर पुठ्ठ्याची शिवलेली वही घ्या.

फोनमध्ये भाषा शिकायचं ॲपही होतं. शब्द त्यात जास्त, शंकाच नाही. पण फोन काढला की समोरचा माणूस थांबतो, आणि वही उघडली की तो जवळ सरकतो. माझी अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून प्रत्येकाला ती ऐकायची असत. मी वाचायचे, ते दुरुस्त करायचे. बाजारातल्या बायका, सायकल दुरुस्त करणारा, पाळकबाबा, सगळ्यांनी त्या वहीत भर घातली. पाळकांना तिथे म्चुंगाजी म्हणतात आणि मेंढपाळालाही तेच. आपल्या 'पाळक' शब्दात तोच अर्थ लपलेला आहे, हे मला तिथे उमगलं.

सर्वांत जास्त वापरलेला शब्द 'पोले'. कोणाला ठेच लागली, पोले. कोणी उन्हात ओझं नेतंय, पोले. घरात मयत झालं, पोले. चौथ्या महिन्यात मला मलेरिया झाला तेव्हा वसतिगृहातल्या पोरी एकेक करून खिडकीशी येऊन तेवढंच म्हणून गेल्या. मराठीत मी खूप शोधलं, इतका छोटा आणि इतका पुरणारा शब्द सापडला नाही. त्या रात्री प्रार्थना मात्र मराठीतच केली. ते सोडू नका, कोणी काहीही सांगो.

वही एके ठिकाणी पार थिटी पडली. तिथले बहुतेक लोक सुकुमा जमातीचे, त्यांची बोलीही सुकुमा. स्वाहिली शाळेची, बाजाराची, चर्चची भाषा, म्हाताऱ्यांच्या घरात सुकुमाच. आजारी आजीबाईंना भेटायला जायचं माझ्याकडे होतं, आणि माझ्या स्वाहिलीला त्या नुसत्या हसायच्या. शेवटच्या तीन महिन्यांत 'म्वांगालुका' म्हणून सकाळचा नमस्कार आणि 'वाबेजा' म्हणून आभार, एवढं धरून पाच-सहा पानं भरली. एका आजींनी 'म्वांगालुका' ऐकल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हे पहिल्या महिन्यात करायला हवं होतं. निघणाऱ्यांनी मागची पन्नास पानं गावच्या बोलीसाठी आधीच राखून ठेवावीत.

माझ्या वहीत छत्तीस पानं कोरी उरली. आमच्या शिवारापलीकडे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथल्या बायका लहानपणापासून आमच्या वावरात कापूस वेचायला येतात, आमच्याशी मराठी बोलतात, आपसात कोलामी. मला त्यातला एक शब्द येत नव्हता. परवा सऱ्यांमधून चालताना मी वही उघडली आणि पाण्याला काय म्हणता म्हणून विचारलं. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग ओट्यातला कापूस खाली ठेवून सांगायला बसल्या.