बीजिंगच्या हुथोंगमध्ये राहायचंय? नानलुओगुशिआंग की बायतासी

हुथोंग म्हणजे बीजिंगचे जुने गल्लीबोळ. मुक्कामासाठी बहुतेक जण नानलुओगुशिआंग सुचवतात. ही गल्ली युआन काळातली, म्हणजे चीनवरच्या मंगोल राजवटीतली, मेट्रो हाकेच्या अंतरावर, ड्रम टॉवरही चालत गाठता येतो. पण मुख्य गल्लीत दुकानं आणि झुंबड. खोली आडव्या बोळातच घ्या.

माझं मत मात्र बायतासीला, म्हणजे फूचेंगमेन मेट्रोजवळच्या, पांढऱ्या स्तूपाच्या मंदिराभोवतीच्या वस्तीला. राखाडी विटांच्या भिंती, दाराशी टेकवलेल्या सायकली, वाळत घातलेले कपडे आणि छपरांवरून दिसणारा पांढराशुभ्र स्तूप. तो तेराव्या शतकात नेपाळच्या अरनिको या कारागिराने उभारला, हे कळल्यावर तर पाय निघत नाही! इथे अजून खरी वस्ती आहे. बऱ्याच जुन्या घरांत संडास नसतो, गल्लीतलं सार्वजनिक शौचालय वापरतात; तेव्हा खोलीत सोय आहे का, हे आधी विचारा. आणि उघड्या दारातून कुणाच्या अंगणात परस्पर शिरू नका.