राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई : वर चढत पाहण्याची जागा

रीगल चित्रपटगृहासमोरच्या चौकातील सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या दगडी वास्तूत 1996 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. बाहेरून जुन्या वळणाची वाटणारी ही इमारत आत शिरताच पार बदलते, कारण मूळ सभागृहाच्या पोकळीत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली असून, जिना चढत गेलेला प्रेक्षक शेवटी घुमटाखाली येऊन पोहोचतो. गुडघे कुरकुरत असतील तर घाई करू नये. तशीही इथे घाई करण्यात काही अर्थ नाही.

2019 साली चित्रकार प्रभाकर बरवे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मी येथेच पाहिले. त्यांनी वापरलेल्या एनॅमल रंगाचा गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग छापील चित्रात कधीच कळत नाही. प्रत्यक्षात मात्र चित्राच्या बाजूला जरा तिरके उभे राहिले की त्यावर दिव्याचा उजेड सरकताना दिसतो, आणि पान किंवा घड्याळ यांसारखी रोजची वस्तू त्या रिकाम्या अवकाशात अधांतरी तरंगू लागते. एका चित्रापाशी मी इतका वेळ रेंगाळलो की सोबतचे मित्र दोन मजले वर जाऊन परत आले.

येथील प्रदर्शने बदलत राहतात, त्यामुळे सध्या काय लावले आहे याची चौकशी करूनच निघावे. सोमवारी संग्रहालय बंद असते. हाताशी दोन तास तरी ठेवावेत आणि समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा.