नाना पेठेतले डॉजवाले काका: आधी गाडीची ओळख, मग सामान

पुण्यात जुन्या अमेरिकन गाडीचं काम काढलं की जो तो सांगतो, जुन्या बाजारात चक्कर मारा. बुधवारी-रविवारी तिथे खरंच काही ना काही हाती लागतं. हबकॅप, हेडलाइटची रिंग, नशीब असेल तर डायनमोसुद्धा. पण तो पार्ट आपल्या गाडीचा आहे का, हे तिथे कोण सांगणार? ते सांगणारा माणूस नाना पेठेत बसतो. दुकानाला पाटी नाही आणि काकांना स्वतःचं नाव कुठे आलेलं आवडत नाही, म्हणून मीही देत नाही. स्पेअर पार्ट्सच्या लाइनीत 'डॉजवाले काका' एवढं विचारलं तरी पुरतं.

आमची गाडी सासऱ्यांची, वाईच्या वाड्यात वर्षानुवर्षं उभी होती. आरसी बुकात डॉज, १९४८. इंजिन उघडायचं होतं म्हणून हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, हवं होतं. ज्या गॅरेजमध्ये आधी विचारलं, तिथे मिस्त्रींनी गाडी न बघताच सांगून टाकलं, "डॉजचं पॅकिंग मागवा, बसेल." काकांनी मात्र गॅसकेट दाखवायच्या आधी टेप काढून माझ्या हातात दिली. "ताई, हेडची लांबी मोजून आणा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणा. इंजिन नंबरचा फोटो आणा. मग बोलू."

मी भोसरीत क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये काम करते. आधी मोजा, मग बोला, ही पद्धत ज्या दुकानात दिसते तिथे माझा विश्वास लगेच बसतो.

हेड भरलं पंचवीस इंच. डॉज हा क्रायस्लर कंपनीचाच ब्रँड. त्या कंपनीच्या साइड व्हॉल्व्ह सहा सिलेंडर इंजिनात दोन लांबीचे ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य सांगाडे, होते. अमेरिकेत बनलेल्या प्लायमाउथ आणि डॉजना तेवीस इंची, आणि डिसोटो-क्रायस्लरना पंचवीस इंची. कॅनडातल्या कारखान्यात मात्र प्लायमाउथ-डॉजनाही पंचवीस इंचीच ब्लॉक बसायचा. गंमत अशी की २१८ घनइंच हा इंजिनाच्या क्षमतेचा आकडा दोन्हीकडे सापडतो, पण अमेरिकन इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) सव्वातीन इंच आणि कॅनेडियनचा तीन पूर्णांक तीन अष्टमांश. म्हणजे नुसतं '२१८चं सामान द्या' म्हणून पिस्टन-रिंगा आणल्या तर पैसे पाण्यात.

व्हीलबेस, म्हणजे चाकांच्या मध्यांमधलं ते अंतर, भरला ११७ इंच. त्या सालच्या अमेरिकन डॉजचा ११९.५ असतो, ११७ हा प्लायमाउथचा. इंजिन नंबरची जागा डाव्या बाजूला, डायनमोच्या वर, हेडच्या खाली एक सपाट पट्टी असते तिथे. त्यावर ग्रीस आणि रंगाचा थर होता. काकांनी बजावलं होतं की तिथे ग्राइंडर लावायचा नाही, वायर ब्रशही नाही, रॉकेलात भिजवलेलं फडकं ठेवून थर मऊ होऊ द्यायचा. तसं केलं आणि 'डी २५' ही अक्षरं वर आली, म्हणजे कॅनडातल्या डॉजचा मॉडेल कोड. मग काकांनी सगळं जुळवून सांगितलं: ही किंग्जवे आहे, म्हणजे बॉडी प्लायमाउथची, जाळी आणि मोनोग्राम डॉजचे. कॅनडात अशा गाड्यांना लाडाने 'प्लॉज' म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जायच्या, त्यामुळे आपल्याकडे असल्या गाड्या दिसतात. दाराचं रबर आणि बॉडीचं सामान मागवताना आता आम्ही प्लायमाउथ पी १५ (त्या काळच्या प्लायमाउथचा मॉडेल कोड) असं सांगतो, जाळी मागवताना डॉज. हे एक वाक्य कळलं नसतं तर आम्ही सगळी बॉडी चुकीच्या नावाने शोधत बसलो असतो.

गाडी अशी ओळखून देण्याचे काका पैसे घेतात, आणि सामान त्यांच्याकडून घेतलं तर ते बिलातून वजा करतात. मला हे पूर्णपणे रास्त वाटतं. माणसाने आयुष्यभराचं ज्ञान फुकट का वाटावं?

सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते एका पत्र्याच्या नळीचं. या इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी असते. तिला भोकं असतात आणि त्यातून पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी पोचतं. ही नळी गंजून सडली की पुढचे सिलेंडर थंड राहतात, मागचे तापतात, आणि तापमानाच्या काट्यावर काहीच कळत नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर नळी सडलेलीच समजायची. आमची काढली तेव्हा रेडिएटर आणि पंप उतरवून पुढून ओढावी लागली, आणि तुकड्यातुकड्यांनी आली. शेवटचा तुकडा तर हुकने खरवडून काढला. काकांकडे पितळेची नवी नळी होती, इथेच बनवून घेतलेली. मी व्हर्नियर लावला, भोकांमधलं अंतर पार्ट्स बुकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. कडांना बर (कापताना राहणारी धातूची खरखरीत धार) अजिबात नाही. नाना पेठेत इतकं स्वच्छ काम बघून मला फार बरं वाटलं.

मागचे ब्रेक ड्रम टेपर (निमुळत्या) एक्सलवर चावीसकट, म्हणजे खाचेतल्या धातूच्या पट्टीसकट, बसलेले असतात, हातोडीने ठोकून काढायचे नाहीत. ते ओढून काढायचा पुलर काका डिपॉझिट घेऊन देतात. डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात, हेही बिलाच्या मागे लिहून देतात, आणि बॅटरीचा प्लस बॉडीला जातो हेसुद्धा.

शेवरोलेवाल्यांनाही इथे फायदा आहे. मी बसले होते तेव्हा एक गृहस्थ १९५७ची बेल एअर विकत घ्यायच्या विचारात आले होते, वकिलातीतून आलेली लेफ्ट हँड गाडी. काकांनी डाव्या पुढच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीचा फोटो मागितला. अमेरिकेत जुळवलेल्या गाडीवर व्हीसी ५७ असेल तर व्ही-८ इंजिनाची बेल एअर. व्ही नसेल तर सहा सिलेंडर, आणि सीच्या जागी बी असेल तर ती २१०, म्हणजे शेवरोलेचंच बेल एअरच्या खालचं मॉडेल, मोनोग्राम कितीही बेल एअरचे लावलेले असोत. फोटोत बी निघाला. गृहस्थ उठून गेले ते मालकाशी किंमत परत बोलायला.

आता तक्रारी. रबराचं सामान इथे जवळजवळ नाही. बीडिंग (दार-काचांच्या रबरी पट्ट्या) आणि इंजिन माउंटिंग परदेशातूनच मागवावं लागतं. मागवलेला माल कधी येईल याचा नेमका शब्द काका देत नाहीत, आणि कस्टम ड्युटीचा हिशेब आधी विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या बिलाचा धक्का बसतो. ब्रेकच्या व्हील सिलेंडरच्या किमती मला चढ्या वाटल्या. पुढच्या एकेका चाकाला दोन-दोन लागतात, त्यामुळे ते जाणवतं. काचेची चिंता करू नका: त्या काळची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची आहे, कुठलाही चांगला काचवाला लॅमिनेटेड कापून देतो.

ज्यांना व्हिंटेज गाड्यांच्या २०२१च्या नियमाखाली व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा आहे, त्यांनी तर ओळख आधी करून घ्यावीच. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी हवी ही अट सगळ्यांना माहीत असते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, ही दुसरी अट लोक वाचत नाहीत आणि आधीच डिझेल इंजिन टाकून मोकळे होतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. काका आरसी बुकातला नंबर आणि चेसिसवरची पेन्सिल छाप शेजारी ठेवून बघतात, आणि फरक असेल तर स्पष्ट सांगतात.

जाताना आरसी बुकाची झेरॉक्स आणि मोजमापं कागदावर लिहून न्या. दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान बंद असतं, आणि शनिवारी गर्दी फार.