कार्डाची भोकं लिहायला ऑक्टल की हेक्स?

चादरीच्या जेकार्डचा (भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा) ग्राफ वहीत उतरवताना भोक म्हणजे १ आणि कोरी जागा म्हणजे ०, इथवर वाद नाही. एक-शून्यांची ही लांबलचक ओळ ऑक्टलमध्ये (तीन-तीनच्या गटाला ० ते ७ पैकी एक अंक) आवळायची की हेक्समध्ये (चार-चारच्या गटाला एक अंक, ९ च्या पुढे दहा ते पंधरासाठी ए ते एफ), हा खरा प्रश्न. मी दोन्ही वापरून बघितलंय.

आधी मशीन बघा. ४०० ची (कार्डावर भोकांच्या सुमारे तेवढ्या जागा) असेल तर कार्डावर आठ-आठ भोकांच्या ५१ रांगा. तिथे हेक्स सरळ बसतं, रांगेला दोन अंक. ऑक्टलमध्ये आठाचे दोन-तीन-तीन असे तुकडे पडतात आणि पहिला अंक कधी ३ च्या वर जात नाही. त्या मशीनवर मीही हेक्सच लिहितो.

६०० ची मशीन मात्र रांगेला बारा भोकांची. बाराला तीननेही भाग जातो, चारनेही. ऑक्टलला रांगेमागे चार अंक, हेक्सला तीन. ५१ रांगांच्या अख्ख्या कार्डाला २०४ विरुद्ध १५३. कागद वाचवायचा तर हेक्स, हे मान्य. (१९६५ चा पीडीपी-८ संगणकही एका वेळी बारा बिटांचा, म्हणजे बारा एक-शून्यांचाच गट हाताळायचा आणि त्यावर काम करणारे ऑक्टलच वापरायचे.)

पण बुट्टी अर्धीच काढून दुसरी बाजू आरशासारखी उलटवायची असते, आणि माझं मत तिथे फिरलं. ऑक्टलमध्ये अंक उलट्या क्रमाने लिहा, मग १ चा ४ करा आणि ४ चा १, तसंच ३ चा ६ आणि ६ चा ३. ०, २, ५, ७ तसेच राहतात. १३४५ चं उलट ५१६४. बास, दोन जोड्या. हेच हेक्समध्ये २ई५ चं ए७४ होतं. तिथे ०, ६, ९ आणि एफ तेवढे जागेवर राहतात. बाकीच्या सहा जोड्या पाठ कराव्या लागतात.

त्या सहांतली एक जोडी बी आणि डी. एकदा चुकलेल्या कार्डाचे आकडे मी फोनवरून सांगत होतो. पलीकडे माग चालू होते. मी म्हटलं बी, तिकडे ऐकू गेलं डी. बी म्हणजे १०११, डी म्हणजे ११०१. चुकीचं अक्षर नेमकं मूळ अक्षराचं आरशातलं रूप निघालं. भोकांची संख्या तेवढीच राहिली, कोरी जागा फक्त एक घर सरकली. कार्ड बघून कुणाला शंका येईना. चादर विणून झाल्यावर पाकळीची कड तुटलेली दिसली.

अंकांची बेरीज करून त्यातून पंधरा-पंधरा टाकले असते आणि उरलेला आकडा दोन्हीकडे ताडून पाहिला असता तर चूक सापडली असती, हेही खरं. पण मागाच्या खडखडाटात अक्षरांचं अकरा-तेरा करत बेरीज कोण मांडणार? ऑक्टलमध्ये सात-सात टाकायचे असतात, ते तोंडी होतं. ‘तीन, सहा, एक, चार’ असं मराठीत सांगितलं की समोरच्याला नीट कळतं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्यालाही. अंकांची अदलाबदल मात्र या बेरजेने दोन्हींकडे पकडली जात नाही, म्हणून आकडे परत वाचून घ्यावेच लागतात.

तुम्ही एकटेच लिहिणार, एकटेच वाचणार असाल तर हेक्स पुरेल. माझ्याकडे आता ६०० च्या सगळ्या वह्या ऑक्टलमध्ये आहेत, आणि प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर आत लिहून ठेवलंय: १-४, ३-६.