छातीवरचा कॅमेरा: अकरा महिने, एक तक्रारी अर्ज आणि ती क्लिप

मागच्या महिन्यात सेवानिवृत्त झालो, म्हणून आता लिहायला मोकळा आहे. वाहतूक शाखेत होतो. नोकरीचे शेवटचे अकरा महिने खाकीवर बॉडी कॅमेरा लावून चौकात उभा होतो. शहराचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पिक्सेल किती, मेमरी किती हे सगळीकडे छापलेलं असतं आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला छळते ती कॅमेरा कपड्याला अडकवायची क्लिप.

दिसायला ही क्लिप म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याची थोरली बहीण. नुसत्या शर्टावर बरी बसते. पण वरून रिफ्लेक्टर जॅकेट घातलं की त्याच्या जाळीला धरता धरता मान टाकते. दुचाकीवाल्याशी बोलायला मी जरा वाकलो की कॅमेरा माझ्या आधी वाकलेला. पावसाळ्यात तर आनंदच. रेनकोटच्या आत लावला तर अंधार, बाहेर लावला तर चेनीला लोंबकळणार. पहिल्या आठवड्याचं फुटेज आमच्या पीआय साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "काका, चलान माणसाला करताय की हेडलाइटला?" ते वयाने माझ्या मुलाएवढे, त्यामुळे हसून घेतलं.

स्टोअरला विचारलं तर उत्तर आलं, क्लिप सुटी मिळत नाही, पूर्ण संच मागवावा लागतो आणि संचाला मंजुरी लागते. शेवटी चौकातल्या चांभाराकडून दप्तराच्या जुन्या पट्ट्याचे दोन बंद जॅकेटला शिवून घेतले. ८० रुपये, पदरचे. पण ते फार पुढे, मार्चमध्ये. तोपर्यंत जे घडायचं ते घडून गेलं होतं.

आधी नियमांचं सांगतो, कारण लोकांना वाटतं पोलिसाने हौसेने कॅमेरा लावला की झालं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-ए हा नियम आला. त्यात स्पीड गन, सीसीटीव्ही, डॅशबोर्ड कॅमेरा यांच्या पंगतीत अंगावर लावायचा कॅमेराही बसवलाय. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करून घ्यायचं. चलान करायचं तर फुटेजवर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली हवी. नोटीस १५ दिवसांत जायला हवी. चलान निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायचं. आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी रस्त्यावर इशाऱ्याचा फलक हवा. खांबावरच्या कॅमेऱ्याला हे ठीक आहे. मी चौकभर फिरणार, माझ्यापुढे फलक घेऊन कोण चालणार? आम्हाला तोंडाने सांगायला बजावलं होतं, "कॅमेरा चालू आहे." हे ऐकल्यावर निम्मे लोक आवाज खाली आणतात, उरलेले केसांवरून हात फिरवतात. क्लिप किती घट्ट असावी यावर मात्र कुठल्याच नियमात अक्षर नाही.

आता तो अर्ज. जानेवारीतली संध्याकाळ, ऐन गर्दी. स्कूटरवर एक गृहस्थ, हेल्मेट नाही, हुकाला भाजीची पिशवी. बाजूला घेतलं, बोलाचाली झाली, मागे हॉर्नचा कल्लोळ. म्हटलं जाऊ दे, समज देऊन सोडलं. पुढच्या चौकात त्यांना दुसऱ्याने अडवलं आणि चलान केलं. त्यांचा संताप आणखी कुणावर निघणार? २६ दिवसांनी वरिष्ठांकडे तक्रारी अर्ज आला: पहिल्या चौकातल्या पोलिसाने ५०० रुपये घेतले, वर अरे-तुरे केलं.

खुलासा मागवला. माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे फुटेजला खूण केलेली नसेल तर ३० दिवसांनी ते आपोआप पुसलं जायचं. मी चलान केलं असतं तर ते निकाली निघेपर्यंत फुटेज ठेवणं भागच होतं. मी सोडून दिलं, म्हणून त्या फुटेजला कुणी वाली नव्हता. म्हणजे दया दाखवली की पुरावा पुसला जाणार, पावती फाडली की राहणार! पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात १८ महिने साठवणूक हवी, यंत्रणा तेवढी नसेल तर जास्तीत जास्त, पण एक वर्षाच्या खाली नाही, असं सांगितलंय. इंग्लंडमध्ये छातीवरच्या कॅमेऱ्याचं बिनकामाचं फुटेज साधारण ३१ दिवसांनी काढून टाकतात. तिथली अडचण समजते, उगाच लोकांची चित्रं साठवू नयेत. पण आमच्याकडे तक्रार करणारा माणूस आधी आठवडाभर धुमसतो, मग कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतो, मग तो अर्ज तीन टेबलांवरून खाली येतो. ३० दिवस टेबलांनाच पुरत नाहीत.

२७व्या दिवशी साहेबांनी खूण करून घेतली आणि आम्ही दोघं फुटेज बघायला बसलो.

चेहरा नाही. ना त्यांचा, ना माझा. क्लिपने नेहमीप्रमाणे मान टाकलेली. २ मिनिटं ४० सेकंद पडद्यावर फक्त स्कूटरचं हँडल, भाजीच्या पिशवीतून डोकावणारी मेथी आणि चार हात. त्यांचे दोन्ही हात ब्रेकवर. एकदाच डावा सुटला, तो पिशवी सरळ करायला. माझ्या एका हातात ई-चलानचं मशीन, दुसरा मशीनच्या पट्ट्यात अडकलेला. कॅमेरा सरळ बसला असता तर त्यांचा रागावलेला चेहरा उत्तम दिसला असता आणि हात चौकटीबाहेर राहिले असते. पैशांचा आरोप तिथेच संपला. सात महिने जिला शिव्या घातल्या, त्या क्लिपनेच मला सोडवलं. त्या दिवशी तिच्याबद्दलचं मत बदललं, हे कबूल करतो.

पण आवाजही होता. "ए, कळत नाही का तुला? किती वेळा सांगायचं?" हा माझाच आवाज. आणि पडद्यावर त्या गृहस्थांच्या मनगटावरचे केस पांढरेशुभ्र, करंगळी वाकडी झालेली. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठेच असावेत. साहेबांनी काही न बोलता आवाज कमी केला.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. आमचा कॅमेरा बटण दाबण्याआधीची ३० सेकंदंही जपतो, पण मुकी. चित्र आहे, आवाज नाही. आम्ही दिवसभर काय बोलतो ते उगाच साठू नये म्हणून तसं ठेवलंय म्हणे. हरकत नाही. पण मी सुरुवात "काका, जरा बाजूला घ्या" अशी केली होती, मला पक्कं आठवतं. ते काका त्या मुक्या ३० सेकंदांत गेले. राहिला तो "ए". सूचना अशी की संवाद सुरू होताच बटण दाबा. एका हातात मशीन, दुसऱ्याने गाडी थांबवायची, तोंडात शिट्टी. बटण कशाने दाबू?

अर्ज दप्तरी दाखल झाला. अरे-तुरेबद्दल तोंडी समज मिळाली, ती रास्तच होती.

कॅमेरा देताना प्रशिक्षणात आम्हाला कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो गावाचं उदाहरण दिलं होतं. २०१२ पासून वर्षभर तिथे ५४ पोलिसांवर प्रयोग झाला आणि तक्रारी २४ वरून ३ वर आल्या. टाळ्या पडल्या. नंतर मुलाने वाचून दाखवलं की वॉशिंग्टन शहरात दोन हजारांवर पोलिसांवर तसाच प्रयोग केला, २०१७ मध्ये निकाल आला, तर म्हणण्यासारखा फरकच सापडला नाही. वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुरतं सांगायचं तर जानेवारीनंतर मी अनोळखी माणसाला "तू" म्हटलं नाही. दोनदा जिभेवर आलं होतं.

बाकी किरकोळ. बॅटरी आठ तासांची म्हणतात, कॅमेऱ्याचं लाइव्ह प्रक्षेपण चालू ठेवलं की पाच तासांत मान टाकते, क्लिपसारखीच. फुटेज आपल्याला पुसता येत नाही, हे उत्तम. एकदा टपरीवर चहा पिताना बटण चुकून दाबलं गेलं आणि बदल्यांवरची आमची चर्चा थेट सर्व्हरवर गेली. पुढचे ३० दिवस मी मोजून काढले.

निवृत्तीच्या दिवशी सामान जमा करायला स्टोअरला गेलो. कॅमेरा, चार्जर, केबल, सगळं बरोबर. स्टोअरच्या पोराने यादीवर बोट ठेवलं, "काका, क्लिप १ नग?" बंद शिवून घेतल्यापासून ती कुठे गेली ते आठवेना. तो म्हणाला, क्लिप नसेल तर संच अपुरा, वसुली लागेल. घरी फोन केला. सौ. म्हणाली, "ती होय? पोह्यांच्या पिशवीला लावलीय. घट्ट धरते हो."