कार्बन फायबरचा गज: नऊ महिने वापरल्यावर

मागच्या जूनमध्ये व्हायोलिनसाठी कार्बन फायबरचा गज, म्हणजे तारांवर ओढायचा बो, घेतला. तेव्हापासून रोज दीड-दोन तास त्यानेच वाजवते आहे. आधीचा लाकडी गज दोन पावसाळ्यांत एका बाजूला वाकला होता, म्हणून हा खर्च केला. ‘याला हवेचा त्रास नाही’ असं दुकानात सांगितलं होतं. काठीपुरतं ते खरं निघालं. डोळ्यांसमोर धरून टोकाकडे पाहिलं की आजही ती सरळ दिसते, केसांच्या बाजूला मुद्दाम दिलेला बाकही जसाच्या तसा आहे.

पण केस घोड्याच्या शेपटीचेच. दमट हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, काठी कशाचीही असो. ताण रोज बघूनच लावावा लागतो.

त्यासाठी मी केस ताणायच्या, गजाच्या टोकाच्या स्क्रूच्या बोंडावर नेलपॉलिशचा पांढरा ठिपका लावला आणि वेढे मोजायला लागले. जुलैत पुण्यात पावसाची झड लागली तेव्हा सहा-सहा वेढे लागायचे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा अर्धा. कंपनीचे केस बेताचेच होते म्हणून ऑगस्टमध्ये नवे घालून घेतले. भर पावसात लांबलेले केस कारागिराने आखूड बांधले. तेव्हा दोन वेढ्यांत काम व्हायचं, मी खूश. डिसेंबरची कोरडी थंडी पडली आणि एका सकाळी पेटी उघडली तर स्क्रू पूर्ण सोडलेला, फ्रॉग (केस धरणारा, स्क्रूने मागेपुढे सरकणारा ठोकळा) पुढे टेकलेला, तरीही केस ताठ! रात्रभर, कदाचित कित्येक रात्री, गज ताणलेलाच राहिला होता. लाकडी असता तर वाकला असता, किंवा टोकाला तडा गेला असता. याला काही झालं नाही. माझे पैसे त्या दिवशी वसूल झाले. जानेवारीत केस पुन्हा बदलले, या वेळी मुद्दाम थोडी सैल जागा ठेवायला सांगून. आता साडेतीन वेढे लागतात.

किती ताणायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. काठी आणि केस यांच्यामध्ये पेन्सिलभर फट, हे सुरुवातीला ठीक आहे. मला मात्र तारेवरच कळतं. गजाचा मध्य खर्जाच्या तारेवर ठेवून दाबायचं. काठी केसांच्या अगदी जवळ यावी, पण टेकू नये. टेकली की ‘खर्र’ असा लाकूड घासल्यासारखा आवाज येतो आणि स्वर मरतो. उलट जास्त ताणलं तर विलंबितात, म्हणजे संथ लयीत, लांब गज ओढताना मधोमध थरथर येते. हात कापतोय असं वाटून मी आठवडाभर पलटे (सरावाचे स्वरक्रम) घोटत बसले होते. पाव वेढा सोडला आणि थरथर गेली.

आपलं व्हायोलिन गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं वाजवायचं. पं. गजाननबुवा जोशी, पं. डी. के. दातार यांचं वादन ऐकत वाढलेल्यांना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) एका गजात अखंड हवी असते. त्याला थोडे सैल केसच बरे. ते तारेला बिलगतात. द्रुत गतीला पाव वेढा जास्त. आलाप संपला की तानपुरा चालू असतानाच मी स्क्रू तेवढा फिरवून घेते. इराणी कमांचा (उभं धरून गजाने वाजवायचं वाद्य) वाजवणारे तर वाजवता वाजवता बोटांनीच केस ताणतात, स्वरागणिक. ते पाहिल्यापासून ताण ही माझ्या लेखी वादनाचीच गोष्ट झाली आहे.

तक्रार एकच. तार सप्तकात आवाज जरा कोरडा येतो, जुन्या गजाची ऊब नाही. केसांना राळ कमी लावल्यावर थोडा फरक पडला. मधे स्क्रू करकरायला लागला होता; आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं, आता मऊ फिरतो.

वाजवून झालं की केस पूर्ण सैल करते, दहा मिनिटांसाठी उठायचं असलं तरी. नवा घेणाऱ्यांनी दुकानातच स्क्रू शेवटपर्यंत सोडून केस खरंच लोंबतात का ते बघावं. पावसाळ्यात घेत असाल तर नक्कीच.